वीतभर सूत

"अण्णाप्पा, रात्री मशीन झोपतंय की तुम्ही?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

आप्पा हसले. दवाखान्यात गेलं की माझा बाप असाच हसतो, अभ्यास न करता वर्गात बसलेल्या पोरासारखा. आई शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी उभी होते. मला एका जागी बसवत नाही.

मॅडमनी मशीनमधली चिप कॉम्प्युटरला लावली होती. पडद्यावर हिरव्या काड्या उभ्या होत्या, एका रात्रीची एक. सगळ्या बुटक्या.

"हे बघा. मास्क रोज लावताय, एक रात्र चुकवली नाही. पण तासाभरात काढून ठेवताय. ते पण रोज."

"घाम येतोय मॅडम."

"मागच्या खेपेला म्हणालात, नाक खाजतंय."

"ते पण खाजतंय."

"खोटं बोलायलेत ओ," मी म्हटलं. "लावायचंच नाही यांना. नाकाला नळी बघून गल्ली हसंल म्हणून."

"पमे," आई म्हणाली.

"काय पमे? हसू दे की गल्ली! उद्या तिरडी उचलायला येतील तेव्हा हसणार नाहीत."

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं पुन्हा सगळं सांगितलं. झोपेत आप्पांचा घसा मिटतो. श्वास अडतो, जीव घाबरा होतो, शरीर दचकतं, मग घोरण्याचा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. असं रात्रभर. माणसाला वाटतं आपण झोपलो, पण झोप कुठली? म्हणून दिवसा डोळे मिटतात, आणि सगळा भार हृदयावर. मशीन काही औषध नाही, ते फक्त हवेच्या दाबानं घसा उघडा धरतं. पण रात्रभर धरलं पाहिजे.

"बाहेर बाकावर एक बाई बसल्यात, बघितल्या?" मॅडम म्हणाल्या. "त्यांना हेच मशीन पाहिजे. ट्रस्टकडं मोजकीच आहेत. पुढच्या महिन्यात काड्या अशाच दिसल्या तर मला हे परत घ्यावं लागेल. आणि कामावर जायची चिठ्ठी मी देणार नाही. तुम्हाला चालू यंत्रमागांमध्ये पाठवून मलाच झोप लागायची नाही."

आप्पांचं हसू गेलं. आईनं पदराचं टोक सोडलं, आणि परत गुंडाळायला घेतलं.

ह्याला तीन वर्षं झाली. मी तेव्हा सोळाची. नववीत एका बाईंनी घरी मागाच्या कांड्या भरणाऱ्या माझ्या आईला सगळ्या वर्गासमोर 'कांडीवाली' म्हटलं, मी डस्टर खिडकीतून बाहेर फेकलं, खिडकीला काच होती. त्यानंतर मी शाळेत गेले नाही आणि शाळेनंही बोलवलं नाही. आमचं गाव इचलकरंजी, त्यामुळं घरी बसायचा प्रश्नच नव्हता. इथं रिकामा माणूस दिसला की कुणीतरी त्याच्या हातात सूत देतं. मला कापड चेकिंगला लावलं. टेबलावर काच, काचेखाली ट्यूब, त्यावरून कापड ओढायचं आणि दोष शोधायचे. तुटलेलं सूत, तेलाचा डाग, गाठ. गाठ दिसली की चिमट्यानं काढायची. माझ्या डोळ्यातून काही सुटत नाही असं आमचे मालक सगळ्यांना सांगायचे. घरातलं मात्र मला दिसलं नाही. म्हणजे दिसत होतं, कळलं नाही.

आप्पा त्याच मालकांच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. आवाज ऐकून सांगायचे कुठल्या मागाचं काय ढिलं झालंय. पण वर्षभर त्यांना कुठंही झोप लागायला लागली. चहा पिताना, हजामाच्या खुर्चीत, एकदा तर लग्नात आहेराच्या रांगेत उभ्या उभ्या. लोक हसायचे, आम्हीपण हसायचो. मग एके दिवशी चालू मागावर वाकून पाना फिरवता फिरवता डोळा लागला. शर्टाची बाही पट्ट्यात गेली. शेजारच्या कामगारानं बटण दाबलं म्हणून हात राहिला, बाही गेली. मालकांनी ती फाटकी बाही आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय ह्याला आत घेणार नाही. माझ्या कारखान्यात ह्याचं काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

तर असं होतं सगळं. मशीन गेलं तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर काम नाही. आणि काम राहू दे, एखाद्या रात्री अडलेला श्वास सुटलाच नाही तर? मी माळ्यावर झोपायचे. खाली आईआप्पा. झोपताना रोज तोच विचार यायचा आणि त्याचा मला राग यायचा. भीती वाटली की मला रागच येतो.

दवाखान्यातून आल्यावर मी आप्पांच्या मागेच लागले.

"रात्री मी खाली झोपते. बघते कसं काढताय ते."

"वयात आलेल्या पोरीनं आईबापाच्या खोलीत झोपायचं न्हाई," आई म्हणाली. "गप माळ्यावर जा."

"मग तू लक्ष ठेव की! तू तर शेजारी असतीस. ते काढतात तेव्हा तू काय करतीस?"

आई कांड्या भरत होती. आमच्या पुढच्या खोलीत कांडी मशीन आहे. मोठ्या शंकूसारख्या कोनावरचं सूत बोटाएवढ्या कांडीवर भरायचं, मग ती कांडी धोट्यात जाते आणि आडवा धागा टाकणारा तो धोटा मागात. ती दिवसभर सूत दोन बोटांतून सोडत बसते. तिनं मान वर केली नाही.

"मला काय रात्रभर डोळं उघडं ठिवायचंय?" एवढंच म्हणाली.

सकाळी मी उतरले की मास्क खिळ्याला अडकवलेला. पट्टे नीट दुमडून. आता आप्पांनी जन्मात कधी टॉवेल खुंटीला लावला नाही. चप्पल एक इकडं, एक तिकडं. अर्ध्या झोपेत मास्क काढणारा माणूस पट्टे दुमडतोय? हे माझ्या डोक्यात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आलं तसं गेलं.

दुसरं म्हणजे सूत. गादीजवळ रोज सुताचे तुकडे सापडायचे. आमच्या घरात सूत भातातपण निघतं, त्याचं काही नाही. पण हे तुकडे सारखे होते, सगळे वीतभर. आणि टोकं चपटी, दातानं तोडल्यासारखी.

"हे कशाला तोडून ठेवलंय?" मी एकदा विचारलं.

आईनं माझ्या हातातून तुकडा ओढून घेतला. "सुताच्या घरात सूत न्हाई तर काय मोती सापडणार हाय? जा, कामाला उशीर होतोय."

आणि तो तुकडा तिनं केरात टाकला नाही. दाराबाहेर जाऊन गटारीत टाकला, आणि पाठीमागं न बघता आत आली. हात धुतले.

महिना निम्मा सरला. दवाखान्यातल्या त्या काड्या वाढत नसणार हे मला घरात बसून कळत होतं, कारण आप्पा दुपारी जेवता जेवता ताटावर झुकायचे. एकदा आमटीत केस भिजले. मी ताट ओढून घेतलं.

"आप्पा, खरं सांगा. कुणी काढतंय का भुताटकीनं? तुम्हीच काढताय ना?"

"मीच काढतोय."

"का पण?"

"जमत न्हाई गं मला. गुदमरतंय."

"गुदमरू नये म्हणूनच दिलंय ना ते! मग मरा! मरायचंच असेल तर सरळ सांगा, त्या बाकावरच्या बाईला तरी मशीन मिळू दे!"

आईच्या हातातली कांडी खाली पडली. ती उठली, माझ्यासमोर आली, आणि मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण तिनं हात माझ्या तोंडावर ठेवला नुसता. 

"तो शब्द काढू नको," ती म्हणाली. "ह्या घरात तो शब्द काढू नको."

आप्पांनी ताट परत ओढून घेतलं. "जेवू दे की गं मला," ते म्हणाले. "पोरगीच हाय, बोलंना का."

मला त्यांचं ते शांत राहणं सहन व्हायचं नाही. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

आमच्याकडं आठवड्याच्या सुट्टीला सगळे माग बंद असतात. बाहेरगावचा माणूस आला तर त्याला बरं वाटतं, आम्हाला कानात दडे बसल्यासारखं होतं. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे कारखान्याचीच भिंत. रात्रंदिवस खटक-खटक चालू असतं, त्याचा आवाज येतच नाही आम्हाला. माग थांबला की येतो. माझी आई लहानपणी मागाखालच्या झोळीत झोपायची. ती सांगते, आवाज चालू तोवर पोर झोपायचं, माग बंद पडला की पोर उठून रडायचं. कारण बंद पडला म्हणजे सूत तुटलं.

त्या सुट्टीच्या दिवशी मी ठरवलं, आप्पांना रंगेहाथ पकडायचं. मॅडमनी सांगितलंच होतं, दिवसा थोडं झोपून सवय करा म्हणून. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "आप्पा, आता मास्क लावून पडा. मी नसीमाकडं जाऊन येते." मैत्रिणीकडं निघाल्यासारखं दार आपटलं, चपला हातात घेतल्या, आणि बाजूच्या बोळातल्या दारानं येऊन, दोघांची पाठ होती तोवर मुकाट माळ्यावर चढले. माळ्याच्या फळ्यांत फट आहे. पोटावर पडून फटीला डोळा लावला.

आप्पांनी शहाण्यासारखा मास्क लावला. पट्टे ओढले, बटण दाबलं, कुशीवर वळले. मशीन इतकं हळू चालतं की मागांच्या आवाजात कधी ऐकूच यायचं नाही. त्या दिवशी आलं, बारीक सुस्कारा सोडल्यासारखं. थोड्या वेळात आप्पांचे खांदे ढिले पडले. झोपले. घोरणं नाही, दचकणं नाही, काही नाही. मी म्हटलं, बघ, जमतंय की! आता काढा म्हणावं, वरून ओरडतेच.

आई भिंतीला टेकून रिकाम्या कांड्यांवरचं उरलेलं सूत सोडवत होती. हात थांबले. तिनं आप्पांकडं बघितलं. परत सूत सोडवायला लागली. परत थांबली. मान पुढं काढून ऐकत राहिली. घरात तो सुस्कारा सोडला तर दुसरा आवाज नव्हता.

मग ती गुडघ्यांवर सरकत गादीजवळ आली. कांडीवरचं वीतभर सूत घेतलं, दातानं तोडलं. चिमटीत धरलं. आणि आप्पांच्या नाकाशी नेलं.

 हे मी एकदाच बघितलं होतं, प्रमिलाआजी गेली तेव्हा. जिचं नाव मला ठेवलंय ती. तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यानं तिच्या नाकाशी सूत धरलं होतं, हलतंय का बघायला. ते हललं नाही, आणि मग बायकांनी टाहो फोडला.

आईचं सूत मास्कवर होतं. रबरी मास्कच्या बाहेरून, नाकाच्या जागी. ते कशाला हलेल? आतलं वारं बाहेर येऊ नये म्हणूनच तर तो मास्क घट्ट बसवलेला. पण आई बघत राहिली. सूत सरळ लोंबत होतं. ते तिनं तोंडाशी नेलं, परत नाकाशी. तिचा चेहरा मला वरून अर्धाच दिसत होता, तेवढा पुरे होता.

तिनं घाईघाईनं पट्टे सोडवले आणि मास्क ओढून काढला.

आप्पांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. सवयीचं असल्यासारखं म्हणाले, "हाय गं. हाय मी."

"झोपा," आई म्हणाली.

तिनं मास्क खिळ्याला अडकवला. पट्टे दुमडले. बटण बंद केलं. आप्पा उताणे झाले, आणि थोड्याच वेळात घोरायला लागले, भिंत हलवणारं ते त्यांचं नेहमीचं. आईचे खांदे खाली आले. तिनं परत कांडी हातात घेतली. सूत सोडवत राहिली, जरा पुटपुटतपण होती काहीतरी, भाजीचं वगैरे. मग घोरणं अर्ध्यात तुटलं. आप्पांची छाती वरखाली होत होती पण आवाज नाही, श्वास नाही. आईनं मान वळवली नाही. हातातलं काम सोडलं नाही. नुसता पाय लांब केला आणि अंगठ्यानं आप्पांच्या पोटरीला ढोसलं. आप्पा गुरगुरले, श्वास सुटला, घोरणं चालू. परत थांबलं, परत पाय. मी माझ्या जन्माआधीपासूनचं काहीतरी बघत होते.

मी शिडीवरून उतरले. उतरले म्हणजे काय, पडलेच.

"आई! तू काढतीस?"

आई भिंतीला चिकटली. आप्पा उठून बसले.

"तू काढतीस आणि शिव्या ह्यांना? आणि तुम्ही गप बसताय! दवाखान्यात गप, माझ्यासमोर गप!"

"पमे, हळू बोल," आप्पा म्हणाले.

"का हळू? मशीन परत चाललंय! माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत हाय की. पहिल्या रात्रीपासनं माहीत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला बोलली असतीस." आप्पांनी बनियन खाली ओढला. "तुझं बोलणं मला चालतंय. तिला न्हाई चालत."

 आई रडत नव्हती. हातातली कांडी उलटी सुलटी करत होती.

"मी काय मुद्दाम करतोय व्हय गं?" ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो. "माझ्या बाला दवाखान्यात असंच तोंडाला लावलं होतं. मी शेजारी बसलेली. मशीन चालू, म्हणून मी म्हटलं बा झोपलाय. माझा डोळा लागला. सकाळी झाडायला बाई आली, ती म्हणाली, अगं, पेशंट गार हाय की. कवा गेला कुणाला ठावं. मशीन चालूच हुतं." तिनं खिळ्यावरच्या मास्ककडं बघितलं. "धोट्यात सूत नसलं तरी माग चालतोय, पमे. खटक-खटक करतोय. त्यानं काय कळतंय?"

तिनं कांडी मांडीवर ठेवली.

"हे घोरत्यात तवर मला झोप लागती," ती म्हणाली. "घोरणं थांबलं की जाग येती, मी ढोसतो. लग्न झाल्यापासनं असंच चाललंय. आता हे मशीन लावलं की काय सुदीक आवाज न्हाई. अंधारात मी कशावर झोपू?"

मी खिळ्यावरचा मास्क काढला. डोळ्यापुढं धरला. रागात माझी नजर जास्त चालते. नळी जिथं मास्कला वळते तिथं बारीक भोकं होती, सुईनं पाडल्यासारखी. "आप्पा, लावा." त्यांनी लावला, बटण दाबलं. मी आईच्या मांडीवरचं सूत उचललं आणि त्या भोकांपुढं धरलं. सूत आडवं झालं, फडफडायला लागलं.

"हे बघ! इथं धरायचं. नाकावर नाही, इथं!"

आई वाकून बघत राहिली. मग आप्पांना म्हणाली, "जरा काढा तोंडावरनं. मशीन चालू ठेवा." आप्पांनी काढून तिच्या हातात दिला. तिनं तो तळहातावर दाबून धरला आणि मला म्हणाली, "धर आता."

मी धरलं. सूत तसंच फडफडत होतं.

"मशीनचं वारं हाय ते," आई म्हणाली. "माणसाचं न्हाई."

मी सूत खाली केलं. मग म्हटलं, "छातीवर हात ठेवून झोप."

"छाती अडल्यावर पण हलती. आत्ता बघितलंस की वरनं."

"मग काय करायचं? सांग की काय करायचं!" मी सूत तिच्या अंगावर फेकलं. "बांधून घ्या जा एकमेकांना! दावं लावून झोपा!"

आई दुखावल्यासारखी झाली. पण आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं जसं ते बंद पडलेल्या मागाकडं बघतात. डोकं एका बाजूला करून, ओठ चावत.

"शालन," ते म्हणाले, "सूत दे. लांब दे, दोन हात."

"काय करताय?"

"दे तर."

त्यांनी बनियन वर केला. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वर, सुताचा एक वेढा घेतला आणि जॉबरची गाठ मारली. बनियन खाली केला. सुताचं दुसरं टोक आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला बांधलं. तिचं ते बोट सूत जाऊन जाऊन आतून गुळगुळीत झालंय, खाच पडलीय त्यावर. बरोबर खाचेत बांधलं.

"कोनावरनं सूत नीट येतंय की अडायलंय, हे तू बघून सांगतीस का?" त्यांनी विचारलं.

"बघायला कशाला लागतंय? बोटाला कळतंय की."

"मग झालं."

त्यांनी मास्क लावला आणि पडले. मध्ये सूत जरासं ताणलेलं. आई ताठ बसली होती, हात हवेत धरून, मेंदी काढायला बसलेल्या पोरीसारखी. मी खिडकीत.  आप्पांचे खांदे ढिले पडले. घरात मशीनचा सुस्कारा, बाकी शांत. मी आईच्या बोटाकडं बघत होते. काही दिसत नव्हतं मला. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

आईनं डोळे मिटले. तिचं तोंड असं झालं जसं लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि ती ऐकतीय.

"काय?" मी कुजबुजले.

"गप." थोड्या वेळानं म्हणाली, "श्वास अडला तर हिसका बसंल. हे सरळ चाललंय."

"नक्की?"

"नव्या कोनागत." ती हळूच कलंडली, गादीच्या कडेला, हात तसाच पुढं ठेवून. "लई सरळ चाललंय गं."

आणि माझी आई भरदुपारी झोपली. तोंड उघडं टाकून. मी तिला दिवसा झोपलेली कधी बघितली नव्हती. रात्रीही नीट झोपलेली कुणी बघितली नसेल. संध्याकाळी पाणी आलं तरी दोघं उठले नाहीत, घागरी मीच भरल्या, आणि भरताना भांडं वाजू दिलं नाही.

पुढच्या महिन्यात मॅडमनी चिप लावली. सुरुवातीच्या काड्या बुटक्या, आणि तिथून पुढं एकदम उंच, एकीला एक लागून. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या.

"हे कसं जमवलंत अण्णाप्पा?"

"बायकोनं बांधून घातलंय," आप्पा म्हणाले.

मॅडम मोठ्यानं हसल्या. आईनं बोट पदरात लपवलं. मी सांगणार होते, पण आईनं दंडाकडं हात आणला म्हणून गप्प बसले. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. बाहेर बाकावर ती बाई नव्हती. आप्पांनी शिपायाला विचारलं, तर तिला दुसरीकडून मशीन मिळालं होतं. तेव्हा कुठं ते रिक्षात बसले.

आप्पा अजून त्याच कारखान्यात जॉबर आहेत. ताटावर झुकत नाहीत. उलट आता मीच उशिरा उठते म्हणून बोलतात. आई आता बेधडक झोपते. पण सूत बांधल्याशिवाय दिवा घालवत नाही. मधे एकदा रात्री लाइट जाऊन मशीन बंद पडलं तेव्हा आप्पांच्या आधी तीच उठून बसली होती म्हणे, बोटाला हिसका बसला म्हणून.

एकदा मी तिला विचारलं, ते वीतभर तुकडे गटारीत का टाकायचीस?

"नाकाशी धरलेलं सूत परत वापरत न्हाईत," ती म्हणाली. "अशुभ असतंय."

"आणि हे रोजचं?"

ती सकाळची कामं उरकत होती. रात्रीचं ते दोन हात सूत बोटातून सोडवून घेतलं होतं. तिनं ते कांडीवरच्या सुताला जोडलं, गाठ मारली, टोक दातानं तोडलं. कात्री तिला कधी सापडतच नाही. "हे कशाला टाकायचं? चांगलं हाय की," म्हणाली, आणि कांडी आमच्या कारखान्याला जाणाऱ्या पाटीत टाकली.

गेल्या आठवड्यात मी टेबलावर होते. कापड सरकत होतं, खाली ट्यूब. एक गाठ दिसली. लहान, घट्ट, आणि टोक चपटं, दातानं तोडलेलं. हातात चिमटा होता. मी कापड पुढं ओढलं.

मालक पाठीमागंच उभे होते. "पमे, ती गाठ दिसली नाही व्हय?"

"दिसली की," मी म्हटलं. "राहू दे ती."